प्रभुप्रीतीची लहान वाट



देवावर संपूर्ण अंतःकरणाने प्रीती करावी आणि शेजाऱ्यावर स्वतःप्रमाणे प्रीती करावी, या दोन आज्ञांत प्रभू येशूने सर्व धर्मशास्त्राचे सार सांगितले आहे. यांपैकी दुसरी आज्ञा पाळणे कठीण असले तरी समजण्यास सोपी आहे. शेजारी भुकेला असेल तर त्यास भाकरी देता येते. परंतु देव डोळ्यांस दिसत नाही आणि त्यास कशाची उणीवही नाही. मग त्याच्यावरील प्रीती व्यक्त करावी कशी? रविवारच्या मिस्सेतील गायन तेवढ्यास पुरते काय? आणि ज्या दिवशी मन अगदी कोरडे असेल, त्या दिवशी प्रीती आटली असे समजावे काय?

या प्रश्नांचे उत्तर फ्रान्समधील एका तरुण धर्मभगिनीच्या चरित्रात सापडते. तेरेजा मार्टिन हिचा जन्म १८७३ साली झाला. १८८८ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, तिने लिझ्यू येथील कार्मेल मठात प्रवेश केला, आणि १८९७ साली चोविसाव्या वर्षी क्षयाने तिचा अंत झाला. या अल्प आयुष्यात तिने ना धर्मप्रसारार्थ प्रवास केला, ना एखादी संस्था स्थापन केली. झाडणे, कपडे धुणे, शिवणे व प्रार्थना यांतच तिचे दिवस गेले.

त्याच मठात एक वृद्ध व आजारी भगिनी होती. तिला सायंकाळी प्रार्थनामंदिरातून भोजनगृहात हाताला धरून न्यावे लागे. पाऊल भरभर पडले तरी ती तक्रार करी, सावकाश पडले तरी करी. तेरेजाने हे काम आपण होऊन मागून घेतले. म्हातारीच्या हातांना पाव कापणे जड जाते हे ध्यानी येताच तो ती कापून देऊ लागली, आणि निघताना हसून तिचा निरोप घेऊ लागली. कपडे धुताना समोरच्या भगिनीकडून मळक्या पाण्याचे शिंतोडे तोंडावर उडत; तेव्हा कपाळाला आठी न घालता ती आपले काम करीत राही. अशा बारीकसारीक गोष्टी देवाला अर्पण करण्याच्या या रीतीस तिची ‘लहान वाट’ असे म्हणतात.

यात नवे असे काही नाही. भुकेल्यास अन्न व तान्हेल्यास पाणी दिले म्हणजे ते मलाच दिले, असे प्रभूने मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. ज्याला कशाची उणीव नाही, त्याने आपली प्रीती स्वीकारण्यासाठी उणीव असलेली माणसे आपल्या दारी ठेवली आहेत.

आता मनाच्या कोरडेपणाविषयी. १८९६ सालच्या शुभ शुक्रवारच्या आधीच्या रात्री तेरेजाच्या मुखातून प्रथम रक्त आले. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिच्या मनावर अंधार पसरला. स्वर्ग आहे ही खात्रीच वाटेनाशी झाली, आणि ही स्थिती मरेपर्यंत जवळजवळ दीड वर्ष टिकली. तरी तिची प्रार्थना थांबली नाही, हसणेही थांबले नाही. यावरून दिसते की, प्रीती ही केवळ भावना नव्हे. तो मनाचा निश्चय आहे. घरात बरे वाटत नसतानाही आई चूल पेटवतेच. त्या दिवशी तिची माया कमी झाली असे कोण म्हणेल?

पोप अकरावे पायस यांनी १९२५ साली तेरेजाला संतपद दिले. आणि १९२७ साली, जुने गोवे येथे ज्यांचे शरीर विसावले आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जोडीने तिला मिशनकार्याची आश्रयदाती ठरविले. एकाने समुद्र ओलांडले, दुसरीने मठाचा उंबरठाही ओलांडला नाही. तरी ख्रिस्तसभेने दोघांना एकाच पंक्तीस बसविले. १९९७ साली तिला आचार्यपदही मिळाले.

मराठी माणसाला हा विचार परका वाटू नये. मळ्यातील भाजीपाल्यात विठ्ठल पाहणारे सावता माळी आपल्या परिचयाचे आहेत.

तेव्हा सकाळी उठताच दिवसाचे काम दोन शब्दांत प्रभूस अर्पण करावे. मग शाळेत मंद विद्यार्थ्यास तेच गणित चौथ्यांदा समजावताना, कचेरीत ताटकळलेल्या खेडुताशी बोलताना, घरी आजाऱ्याची कुरकुर ऐकताना, त्या अर्पणाची आठवण ठेवावी. रात्री प्रार्थना करताना डोळा लागला तरी खंत करू नये. तेरेजालाही प्रार्थनेत झोप येई. आणि झोपलेले मूलही आईबापांना तितकेच आवडते, असे ती मानीत असे.