माळवी अफू व मुंबई बंदर

माळवी अफू व मुंबई बंदर : माळव्यातील संस्थानांत पिकणारी अफू एकोणिसाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर मुंबईमार्गे चीनला निर्यात होत असे. या वाहतुकीसाठी ब्रिटिशांनी परवानापद्धती अंमलात आणली आणि तिच्या जोडीला बंदरावर पहारा ठेवला. या नियंत्रणाचा रोख मुख्यतः महसुलावर होता, अफूच्या सेवनावर नव्हता. परिणामी शुल्क भरलेली पेटी मुंबईत कायदेशीर, तर तीच पेटी चीनच्या किनाऱ्यावर चोरटी ठरे.

पार्श्वभूमी : बंगाल-बिहारमधील अफूची ईस्ट इंडिया कंपनीस मक्तेदारी होती व तिचा लिलाव कलकत्त्यास होई. माळवा मात्र शिंदे, होळकर इत्यादी संस्थानिकांच्या ताब्यात असल्याने तेथील पिकावर कंपनीचा थेट अधिकार नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कंपनीने मुंबईतून माळवी अफूच्या निर्यातीस बंदी केली. तेव्हा व्यापार दमण या पोर्तुगीज बंदराकडे वळला. पेशवाईच्या अस्तानंतर कंपनीने स्वतः अफू खरेदी करून मुंबईत विकण्यास प्रारंभ केला व संस्थानिकांशी निर्बंधाचे करार केले. तथापि डोंगरवाटा व संस्थानी सरहद्दी यांवर पहारा ठेवणे खर्चाचे आणि निष्फळ ठरले.

परवानापद्धती : १८३० च्या सुमारास ही खरेदी सोडून देण्यात आली. ठराविक शुल्क भरणाऱ्या व्यापाऱ्यास आपली अफू ब्रिटिश मुलखातून मुंबईस नेण्याचा परवाना मिळू लागला. पेट्या पोहोचल्यावर त्या परवान्याशी ताडून पाहिल्या जात. एका पेटीत सु. ६३·५ किग्रॅ. अफू असे. आरंभीचे शुल्क पेटीस १७५ रु. होते, पण ब्रिटिश मुलूख टाळून पाली, जैसलमेर, कराची या मार्गाने दमणला माल नेणे त्याहून किफायतशीर ठरे. म्हणून १८३५ मध्ये ते १२५ रु. करण्यात आले. १८४३ मध्ये सिंध ब्रिटिशांच्या ताब्यात येऊन कराचीची वाट बंद झाली. त्याच वर्षी शुल्क २०० रु., १८४५ मध्ये ३०० रु. व १८४७ मध्ये ४०० रु. झाले. चोरट्या मार्गाला जितका खर्च येई, तितकीच शुल्काची मर्यादा असे. तो मार्ग नष्ट होताच सरकारचा हात मोकळा झाला.

बंदरावरील पहारा : जहाजे खुल्या बंदरात नांगरलेली असत व धक्क्यापासून त्यांच्यापर्यंत माल लहान होड्यांतून नेला जाई. मौल्यवान व सहज लपविता येणाऱ्या मालाची चोरी होण्यास प्रत्येक चढउतारीत वाव असे. व्यापाऱ्याचे नुकसान टाळणे हे पोलिसांचे काम, तर सरकारचे शुल्क बुडू न देणे हे जकात अधिकाऱ्यांचे काम होते. मराठीत ‘चोरी’ आणि ‘चोरटा व्यापार’ हे शब्द जवळचे असले, तरी पहिल्यात मालकाची व दुसऱ्यात सरकारची हानी अभिप्रेत असते. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. १८७८ चा सागरी जकात अधिनियम व १८८० मध्ये सुरू झालेली प्रिन्सेस गोदी यांमुळे बंदरावरील देखरेख अधिक बंदिस्त झाली.

चीनमधील बाजू : चीनमध्ये अफूवर बंदी असल्याने जहाजे कँटनजवळील लिंटिन बेटाशी थांबत व तेथून माल गुप्तपणे किनाऱ्यावर जाई. १८३९ मध्ये शाही आयुक्त लिन झेशू याने वीस हजारांहून अधिक पेट्या ताब्यात घेऊन नष्ट केल्या. ब्रिटिश व्यापार-अधीक्षक चार्ल्स एलियट याने व्यापाऱ्यांकडून त्या ब्रिटिश सरकारच्या नावे घेतल्या होत्या. त्यामुळे खाजगी व्यापाऱ्यांचे नुकसान राजकीय दावा बनले. या मालात मुंबईकर व्यापाऱ्यांचाही वाटा होता. युद्धानंतरचा नानकिंगचा तह (१८४२) मुंबईच्या गोदीत बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेवर झाला. त्यान्वये हाँगकाँग ब्रिटिशांकडे गेले आणि चीनला अफूची भरपाईही द्यावी लागली. हाँगकाँगमध्ये १८४१ पासूनच विल्यम केन हा दंडाधिकारी व विल्यम पेडर हा बंदर अधिकारी नेमलेला होता. चोर व चाचे यांचा बंदोबस्त करणाऱ्या या प्रशासनाच्या छायेतच अफूच्या पेट्या उतरत राहिल्या. १८५८ मध्ये चीनला अफूची आयात शुल्क आकारून मान्य करावी लागली.

परिणाम : या व्यापारातून मुंबईत मोठे भांडवल साठले. सर जमशेटजी जीजीभाई (१७८३–१८५९) यांच्या संपत्तीचा पाया चीनच्या कापूस व अफू व्यापारात होता. त्यांच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय (१८४५) आजही मुंबईत रुग्णसेवा करीत आहे. माळव्यातील शेतकऱ्याचा श्रम व चिनी व्यसनी माणसाची हानी ही याच व्यवहाराची दुसरी बाजू होय. १९०७ च्या ब्रिटिश-चिनी कराराने निर्यात क्रमाक्रमाने घटविण्याचे ठरले आणि १९१३ मध्ये चीनसाठी होणारी विक्री थांबली. नीमच व मंदसोर भागांत अफूची लागवड आजही होते. मात्र ती केंद्र सरकारच्या परवान्याने व मुख्यतः औषधांसाठी. परवान्याचे तत्त्व टिकले. त्याचा हेतू बदलला.