बाण मांडीवरच लागायला हवा

बदलापूर सोडून बारवी धरणाकडे निघाले की इमारती मागे पडतात आणि रान सुरू होते. एका अंगाला मुरबाडवरून माळशेज-भीमाशंकरपर्यंत, दुसऱ्या अंगाला मलंगगड, चंदेरी आणि माथेरानच्या डोंगरांपर्यंत, तुटक तुटक का होईना, ही झाडी पसरलेली आहे. उल्हासनगर-अंबरनाथच्या लोकलमध्ये रोज लोंबकळणाऱ्या माणसाला बिबट्या माहीत असतो, कारण तो बातमीत येतो. त्याच रानातले भेकर मात्र फारसे कुणाच्या खिजगणतीत नसते. वजन वीस-पंचवीस किलो, नराला आखूड शिंगे, वरच्या जबड्यातून डोकावणारे दोन सुळे, आणि धोका जाणवला की कुत्र्यासारखे भुंकणे. पिसोरी तर त्याहून लहान, जेमतेम तीन किलोची. तिला शिंगेच नसतात आणि शास्त्रज्ञ तिला खऱ्या हरणांत धरतही नाहीत.

हरणाच्या शरीराचा सर्वांत बारकाईने अभ्यास आजवर कुणी केला असेल, तर तो शिकाऱ्याने.

अमेरिकेत आजही धनुष्याने हरणाची शिकार करायला परवाना मिळतो. काही राज्यांत त्याआधी रीतसर प्रशिक्षण घ्यावे लागते आणि त्यातला मोठा भाग शरीररचनेचा असतो. याचे कारण सरळ आहे. बंदुकीची गोळी आघाताने मारते. बाणाकडे तसला धक्का नसतो, तो रक्तवाहिन्या कापतो आणि प्राणी रक्तस्रावाने कोसळतो. म्हणून बाण छातीच्या पोकळीत, फुप्फुसे आणि हृदय यांच्यावरच जावा लागतो. हरणाला बरगड्यांच्या तेरा जोड्या असतात. हृदय छातीत अगदी खाली, पुढच्या पायाच्या कोपराजवळ असते आणि फुप्फुसे त्याच्या वर व मागे पसरलेली असतात. अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या चांगल्या मोठ्या हरणातही ही जागा जेवणाच्या ताटाएवढीच भरते.

हरणाला गळपट्टीचे हाड नसते. पुढचे पाय धडाला हाडाने जोडलेलेच नाहीत, खांद्याची फरी नुसती स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते. उंच उडीनंतर जमिनीवर आदळताना बसणारा हिसका हे स्नायू पिऊन टाकतात. पाय पुढे पडला की फरीही सरकते आणि छातीचा भाग क्षणभर उघडा होतो. जाणता शिकारी त्या क्षणासाठी थांबतो. हरीण आडवे उभे असेल किंवा किंचित पाठमोरे असेल तरच तो बाण सोडतो, समोरून तोंड करून असेल तर सोडत नाही. नेम हातभर मागे सरकला तर बाण पोटात शिरतो आणि जनावर तासन् तास तडफडत फिरते. ब्रिटनने हरणावर बाण चालवायला कायद्यानेच बंदी घातली आहे. असल्या जखमांचा विचार केला तर ती योग्यच वाटते.

आपल्याकडच्या कथांना बाणाचे धोके फार आधी कळलेले दिसतात. पंडूने हरीण म्हणून बाण मारला, तो हरणाचे रूप घेतलेल्या ऋषीला लागला. जरा नावाच्या व्याधाने हरीण समजून बाण सोडला, तो कृष्णाच्या पायात रुतला. दशरथाने तर नुसत्या आवाजावर नेम धरला आणि श्रावणबाळ गेला. अचूक तिरंदाजी आणि चुकलेले सावज, असा हा सगळा मामला आहे.

भारतात आता प्रश्न नेमाचा उरलेला नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबवली आणि शिकारीत फक्त मारणे धरले नाही. पकडणे, जखमी करणे, विष घालणे, फास लावणे आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणे, हे सगळे त्यात येते. डोंगरातल्या ठाकर-कातकरी पाड्यांवर जुन्या पिढ्यांनी पारधीत चालवलेला तिरकमठा असो की शहरातून हौसेने मागवलेले चाकांचे आधुनिक धनुष्य, रानात सावजावर रोखले की गुन्हा एकच.

तरीही एक बाण कायद्याने चालतो. तो वनखात्याचा, गुंगीच्या औषधाचा. नोव्हेंबर २०२२मध्ये उल्हासनगरला लागून असलेल्या कल्याण पूर्वेत बिबट्या एका इमारतीत शिरला, तेव्हा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या पथकाने त्याला असेच बेशुद्ध करून नेले. हा बाण म्हणजे उडती सिरिंज. मागे गोंडा, पुढे सुई, आणि सुई टोचताच आतल्या दाबाने औषध शरीरात ढकलले जाते.

शिकाऱ्याचे सगळे गणित इथे उलटे होते. ज्या जागी त्याला बाण हवा असतो, नेमकी तीच जागा पशुवैद्याला टाळायची असते. छाती, पोट, डोके, सांधे, काहीही चालत नाही. सुई जायला हवी ती मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूत. भेकरासारख्या लहान जनावराच्या बरगड्यांवर पातळ मांस असते, तिथे जोराने आलेली सुई थेट फुप्फुसात घुसू शकते. म्हणून लहान प्राण्यांसाठी अनेकदा बंदुकीऐवजी तोंडाने फुंकायची नळी वापरतात. वजनाचा अंदाज नजरेनेच करून औषध भरायचे आणि ते भिनेपर्यंत पाच-दहा मिनिटे जनावराला शांत राहू द्यायचे, हे त्यातले सर्वांत अवघड काम. शहराच्या कडेला त्या वेळी भोवती मोबाइल उंचावलेली गर्दी असते.

हरीण बिबट्यापेक्षा नाजूक ठरते, त्याचे मूळ त्याच्या पोटात आहे. हरणाचे पोट चार कप्प्यांचे असते आणि पहिला कप्पा, जिथे चारा आंबतो, पोकळीची डावी बाजू जवळजवळ व्यापून टाकतो. बेशुद्ध हरीण कुशीवर आडवे पडले की आतला वायू बाहेर पडत नाही, पोट फुगते, फुप्फुसे दाबली जातात. अर्धवट पचलेला चारा वर येऊन श्वासनलिकेत गेला तर जीवच जातो. म्हणून पथक त्याला छातीवर बसते करते, मान उंच आणि तोंड खाली धरते, डोळे झाकते. त्याहून कपटी शत्रू म्हणजे भीती. पाठलागात जिवाच्या आकांताने धावलेल्या हरणाचे स्नायू आतून मोडू लागतात, शरीर तापते, आणि सुटका झाल्यावरही ते काही तासांनी किंवा दिवसांनी मरू शकते. पेंचच्या जंगलातून चितळ हलवताना मध्य प्रदेशने बाण टाळला, तो याचसाठी. तिथे नरसाळ्याच्या आकाराचे कुंपण उभारून कळप हळूहळू आत घेतात आणि थेट गाडीत चढवतात. त्याला बोमा म्हणतात.

मेलेल्या हरणाचे शरीरही बोलते. बिबट्या गळा धरतो, तिथे सुळ्यांच्या खोल खुणा सापडतात. भटकी कुत्री मांड्या आणि मागचा भाग फाडतात. मानेभोवती किंवा पायावर गोल कापलेली रेघ असेल, तर तारेचा फास. ठासणीच्या बंदुकीचे छर्रे कातडीखाली हाताला लागतात. शवविच्छेदन करणारा पशुवैद्य या खुणा लिहून ठेवतो आणि खटला उभा राहतो तो त्यांवरच.

बारवीच्या किंवा मलंगगडच्या वाटेवर जखमी भेकर दिसले, तर त्याला उचलू नका, मागे धावू नका आणि तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाते. कुत्री आणि माणसे दूर ठेवा. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक लावा आणि जागा नीट सांगा.