वीस प्रश्नांत दडलेली प्रसिद्ध व्यक्ती

कोलकाता : मनात धरलेली प्रसिद्ध व्यक्ती केवळ ‘हो’ किंवा ‘नाही’ या उत्तरांवरून ओळखण्याचा खेळ आता निरनिराळ्या शहरांतील मित्रमंडळी ऑनलाइनही खेळतात. प्रत्येक प्रश्नागणिक संभाव्य नावे निम्मी झाली, तर वीस प्रश्नांत १०,४८,५७६ नावांतून एक नाव निश्चित करता येते. म्हणूनच आरंभी एखादे नाव घेऊन विचारण्यापेक्षा ‘ती व्यक्ती हयात आहे का?’ हा प्रश्न अधिक उपयुक्त ठरतो.

कोलकात्याला अशा खेळांची जुनी ओढ आहे. नील ओब्रायन यांनी १९६७ मध्ये येथे घेतलेली खुली प्रश्नमंजूषा देशातील पहिली मानली जाते. सत्यजित राय यांच्या ‘अरण्येर दिन रात्रि’ (१९७०) या चित्रपटात पलामूच्या जंगलात सहलीला गेलेले कोलकात्याचे तरुण आणि तेथे भेटलेल्या दोघी प्रसिद्ध व्यक्तींच्या नावांची साखळी स्मरणातून म्हणतात. रवींद्रनाथ, कार्ल मार्क्स, क्लिओपात्रा अशा नावांच्या निवडीतून प्रत्येकाचा स्वभाव उघड होतो. शर्मिला टागोर यांनी साकारलेली अपर्णा अखेर मुद्दाम हार पत्करते.

ऑनलाइन खेळात उत्तर शोधण्याचे साधन प्रत्येकाच्या हाती असते आणि ते कोणी वापरले, हे इतरांना दिसत नाही. त्यामुळे खेळापूर्वीच प्रश्नांची संख्या व वेळेची मर्यादा ठरवून घेणे इष्ट. बाकी सारे परस्परांवरील विश्वासावर सोपवावे लागते.