मोडीतल्या पेटीतून प्रयोगाची वीज

अंजूरमधल्या कोणत्याही घरात खटका दाबला की २३० व्होल्टची, सेकंदाला ५० आवर्तने करणारी वीज मिळते. पण ट्रान्झिस्टर, एलईडी किंवा छोटी मोटार यांवर प्रयोग करायचे, तर ५ वा १२ व्होल्टचा एकदिश प्रवाह हवा. सेल लवकर उतरतात आणि प्रयोगशाळेतला वीजपुरवठा संच महाग पडतो. जुन्या संगणकाची पत्र्याची वीजपेटी मात्र भिवंडीतल्या भंगारवाल्याकडेही मिळू शकेल.

ही पेटी इतकी हलकी कशी? ती आधी घरच्या विजेचा सुमारे ३२५ व्होल्टचा एकदिश दाब करते, मग सेकंदाला हजारो वेळा त्याचे तुकडे पाडते. आवर्तने वाढली की रोहित्र लहान चालते. पण हाच दाब साठवणारे कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ भारलेले राहतात. म्हणून, मित्रांनो, पेटीचे झाकण उघडायचे नाही! आपले सारे काम बाहेरच्या तारांवर, प्लग काढून आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली.

तारांचे रंग १९९५ साली आलेल्या एटीएक्स पद्धतीत ठरलेले आहेत. काळी शून्य, नारिंगी ३.३, लाल ५, पिवळी १२ आणि निळी उणे १२ व्होल्ट. हिरवी तार काळीला जोडली की पेटी सुरू होते. त्या दोहोंत एक खटका बसवा. जांभळ्या तारेवर खटका बंद असतानाही ५ व्होल्ट असतात, तेव्हा तिचे टोक चिकटपट्टीने झाका. काही जुन्या पेट्या भार नसेल तर चालत नाहीत. अशा वेळी लाल व काळ्या तारांमध्ये १० ओहमचा, १० वॅटचा रोध जोडावा. त्यातून अर्धा अँपिअर वाहतो, अडीच वॅट उष्णता निघते. तो चांगलाच तापतो.

खरा धोका कमी दाबामुळे विसरला जातो. लाल तारांतून अशी पेटी २० अँपिअरही देऊ शकते. चुकून तारा भिडल्या आणि १० अँपिअर वाहू लागले, तरी पेटीला ते नेहमीचेच काम वाटते. इकडे बारीक तारेचे आवरण जळते. प्रयोगशाळेतल्या संचात प्रवाहाला मर्यादा घालता येते, ती सोय इथे नाही. म्हणून प्रत्येक धन टोकाच्या वाटेत १ अँपिअरचा फ्यूज हवाच. एलईडीला ३३० ओहमचा रोध लावला, तर ५ व्होल्टवर साधारण ९ मिलिअँपिअर वाहतात. तेवढे तिला पुरतात.

पहिल्यांदा सुरू केल्यावर मीटर लावून पाहा. लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या बाहेर आकडा गेला, तर ती पेटी पुन्हा भंगारवाल्याकडे द्यावी.