खानदेशची धूळ आणि धुवून वापरायचा एअर फिल्टर

जळगाव किंवा धुळ्यात स्पेअर पार्टच्या दुकानात डिझेल गाडीचा एअर फिल्टर मागितला, की कधी कधी काउंटरवर दोन खोकी येतात. एकात कंपनीचा साधा कागदी फिल्टर. दुसऱ्यात कापडी घड्यांचा, तेल लावलेला, बहुधा लाल रंगाचा, कित्येक पट महाग फिल्टर. दुसऱ्याबरोबर तीन आश्वासनं मिळतात: पिकअप वाढेल, ॲव्हरेज वाढेल आणि पुन्हा फिल्टर घ्यावा लागणार नाही. खानदेशातल्या रस्त्यांवर ती कितपत टिकतात, ते एकेक करून पाहू.

इंजिन किती हवा ओढतं?

एक लिटर डिझेल पूर्ण जळायला किमान दहा हजार लिटर हवा लागते. डिझेल इंजिन गरजेपेक्षा जास्त हवा घेऊनच चालतं, त्यामुळे प्रत्यक्षात हा आकडा पंधरा हजार किंवा त्याहून पुढे जातो. 10,000 किलोमीटरमध्ये 500 लिटर डिझेल जाळणारी गाडी त्या काळात सुमारे 75 लाख लिटर हवा आत घेते. ती सगळी हवा एकाच फिल्टरमधून जाते.

या हवेत इथे काय काय असतं? रान नांगरलं की काळ्या मातीची पिठासारखी बारीक धूळ उठते. गिरणा-तापीची वाळू वाहणाऱ्या डंपरमागे वाळूची धूळ असते. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्राच्या बाजूला राख असते. सुरत-नागपूर महामार्गाचं चौपदरीकरण फागणे ते तरसोददरम्यान बरीच वर्षं रखडलं, तेव्हा तर उकरलेल्या रस्त्याचा भुगाच गाड्यांनी गिळला. हिवाळ्यात जिनिंग सुरू झालं, की कापसाचे तंतू उडून फिल्टरच्या तोंडावर गादीसारखे बसतात.

यात सर्वांत घातक वाळूतले क्वार्ट्झचे कण. क्वार्ट्झ हे सिलिंडरच्या बोअरच्या ओतीव लोखंडापेक्षा कठीण आहे. त्यातही साधारण पाच ते वीस मायक्रॉनचे कण जास्त छळतात, कारण तेलाचा जो पातळ थर पिस्टनची रिंग आणि बोअर यांना वेगळं ठेवतो, त्यात ते नेमके अडकतात आणि दोन्हीकडचा धातू घासतात. नुसत्या डोळ्यांना हे कण दिसतही नाहीत.

फिल्टरचे तीन प्रकार

पहिला कागदी. घड्या घातलेल्या कागदाच्या तंतूंमध्ये कण अडकतात. धुळीचा पातळ थर बसल्यावर तो थरही गाळण्याचं काम करतो. म्हणजे थोडा मळलेला कागदी फिल्टर कोऱ्यापेक्षा बारीक गाळतो.

दुसरा तेलाच्या भांड्याचा, म्हणजे ऑइल बाथ एअर क्लीनर. जुने ट्रॅक्टर आणि जुन्या जीप चालवलेल्यांना तो चांगला ठाऊक आहे. आत आलेली हवा तेलावर आपटून वळते, जड कण तेलात राहतात, उरलेले ओल्या जाळीला चिकटतात. पुन्हा पुन्हा वापरायचा फिल्टर खानदेशी शेतकऱ्याला नवा नाही, तो हाच. मात्र त्याचं काम हवेच्या वेगावर चालतं. इंजिन मंद चाललं, तेल खुणेखाली गेलं किंवा भांड्यात चिखल साचला, की तो धूळ सोडू लागतो. म्हणूनच पुढच्या ट्रॅक्टरांत कोरडा, दुहेरी कागदी फिल्टर आला.

तिसरा, दुकानदार पुढे करतो तो. सुती जाळीदार कापडाचे थर, दोन्ही बाजूंना तारेची जाळी आणि वरून चिकट तेल. या प्रकाराला नाव मिळालं ते कॅलिफोर्नियाच्या के अँड एन कंपनीमुळे, 1960च्या दशकाच्या अखेरीपासून, मोटारसायकल आणि वाळवंटी शर्यतींच्या जगात. शर्यतीच्या इंजिनाला अखेरच्या थेंबापर्यंत ताकद हवी असते आणि ते वरचेवर उघडून दुरुस्त केलं जातं. आपली गाडी मात्र इंजिन न उघडता दोन-तीन लाख किलोमीटर चालावी, अशी आपली अपेक्षा असते.

पिकअप खरंच वाढतो का?

हवा फिल्टरमधून जाताना दाब थोडा घटतो. मोठ्या डिझेल इंजिनांत ही घट पाण्याच्या सुमारे 63 सेंटिमीटर उंचीइतकी झाली, की फिल्टर बदलावा असा सर्वसाधारण संकेत आहे. स्वच्छ फिल्टरमध्ये ती याच्या बरीच खाली असते. वातावरणाचा एकूण दाब पाण्याच्या सुमारे दहा मीटर उंचीइतका असतो. तेव्हा कापडी फिल्टरने पाच सेंटिमीटरची घट वाचवली, असं मानलं तरी फायदा अर्ध्या टक्क्याचा.

टर्बो असलेल्या गाडीत तोही पूर्ण हाती लागत नाही. टर्बोने किती दाब द्यायचा, हे गाडीचा संगणक सेन्सर पाहून ठरवतो. फिल्टर थोडा मोकळा असला, तर टर्बोला थोडं कमी राबावं लागतं, एवढंच. डिझेल किती फवारायचं याच्या मर्यादाही संगणकात आधीच ठरलेल्या असतात. फिल्टर बदलून त्या बदलत नाहीत.

उलट इथल्या उन्हाळ्याचा परिणाम पाहा. 15 अंशांची हवा 45 अंशांवर गेली, की ती सुमारे नऊ टक्के विरळ होते. काही जण फिल्टरचा मूळ डबाच काढून बॉनेटखाली उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवतात. त्यातून जो दमदार आवाज येतो, त्याने गाडी जोरात पळतेय असं वाटतं. प्रत्यक्षात इंजिन रस्त्यावरच्या हवेऐवजी बॉनेटखालची तापलेली हवा ओढू लागतं. मे महिन्यात लळिंगच्या चढावर हा सौदा नक्कीच तोट्याचा.

ॲव्हरेजचं काय?

अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये इंधन-इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांचे फिल्टर मुद्दाम तुंबवून चाचण्या केल्या. पिकअप घटला, ॲव्हरेजमध्ये मात्र दखल घ्यावी असा फरक पडला नाही. डिझेल इंजिनाची रचना वेगळी आहे. त्याचा जोर डिझेलच्या मात्रेने कमी-जास्त होतो, त्यामुळे फिल्टर फारच तुंबला तर धूर येतो आणि टर्बोवर ताण पडतो. पण इथे तुलना तुंबलेल्या आणि चांगल्या फिल्टरची नाही, दोन चांगल्या फिल्टरची आहे. वेळेवर बदललेला कागदी फिल्टर काढून कापडी लावला म्हणून टाकीमागे दखलपात्र बचत होण्याचं कारण दिसत नाही.

धूळ अडवण्याची परीक्षा

फिल्टर मोजायची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, आयएसओ 5011. ठरावीक वेगाच्या हवेत ठरावीक प्रतीची धूळ सोडतात आणि किती अडली, किती पार झाली ते वजन करून पाहतात. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या ड्युरामॅक्स डिझेल इंजिनाला बसणारे फिल्टर याच पद्धतीने तपासले गेले. मूळ प्रकारच्या कागदी फिल्टरने तुंबेपर्यंत 574 ग्रॅम धूळ झेलली आणि 0.4 ग्रॅम सोडली, म्हणजे 99.93 टक्के अडवली. तेलकट कापडी फिल्टर 221 ग्रॅमवरच तुंबला आणि तोवर त्याने 7 ग्रॅम सोडली होती, म्हणजे अडवली 96.8 टक्के.

97 आणि 99.9 हे आकडे शेजारी शेजारी वाटतात, पण इंजिनाला फिल्टरमधून सुटलेल्या धुळीशी देणंघेणं असतं. वरचा 75 लाख लिटर हवेचा हिशेब घ्या आणि दर हजार लिटरमागे एक मिलिग्रॅम धूळ धरा. एकूण साडेसात ग्रॅम. 99.9 टक्के अडवणारा फिल्टर त्यातली साडेसात मिलिग्रॅम आत सोडेल, 97 टक्केवाला 225 मिलिग्रॅम. तीसपट. परिणाम लगेच दिसत नाही. कालांतराने तेल कमी पडू लागतं, ब्रीदरमधून धूर येतो, सकाळी गाडी उशिरा चालू होते. फिटर कॉम्प्रेशन गेल्याचं सांगतो तेव्हा फिल्टरची आठवण कोणाला होत नाही.

तेल आणि सेन्सर

कापडी फिल्टर अडवतो तो तेलाच्या जोरावर. धुतल्यावर तेल कमी लागलं तर धूळ आत जाते. जास्त लागलं तर त्याचे तुषार पुढच्या हवामापक सेन्सरच्या तापलेल्या तारेवर किंवा पापुद्र्यावर बसू शकतात. आजच्या बहुतेक डिझेल गाड्यांत हा सेन्सर असतो. त्याचं माप चुकलं, तर धुराचं आणि पुनर्वापर होणाऱ्या एक्झॉस्टचं गणित बिघडतं, पिकअप मरतो, चेक इंजिनचा दिवा लागतो. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत धूर गाळणारं यंत्रही असल्याने ही चूक अधिक महागात जाते. मेकॅनिकल पंपाच्या जुन्या गाड्यांना सेन्सरची भीती नाही. रिंग आणि बोअर मात्र त्यांनाही आहेत.

पैशांचा हिशेब

धरून चालू, कागदी फिल्टर 500 रुपयांचा आणि धुळीमुळे दर 20,000 किलोमीटरला बदलला. लाखभर किलोमीटरमध्ये खर्च 2,500 रुपये. कापडी फिल्टर 5,000 रुपयांचा, शिवाय धुण्याचं द्रावण आणि तेल वेगळं. के अँड एनसारखी कंपनी चांगल्या रस्त्यावर 50,000 मैलांनी म्हणजे 80,000 किलोमीटरनी धुवा म्हणते, पण धुळीत ती पाळी खूप आधी येते. धुऊन तो पूर्ण वाळवावा लागतो आणि तोवर गाडी उभी राहते. लाखभर किलोमीटरमध्ये पैसे वाचत नाहीत. पुढे थोडे वाचले, तरी इंजिनकामाच्या बिलापुढे ते किरकोळ. वॉरंटीतल्या गाडीत तर अशा फिल्टरमुळे सेन्सर किंवा टर्बो बिघडला असं ठरलं, की दावा अडू शकतो.

कागदी फिल्टर नीट कसा वापरावा?

- कंपनीच्या पुस्तकात धुळीच्या रस्त्यासाठी बदलण्याचं कमी अंतर वेगळं दिलेलं असतं. खानदेशात तेच धरावं. जिनिंगच्या हंगामात तंतू बसले आहेत का, एवढं पाहावं.
- फिल्टर वरचेवर उघडू नये. प्रत्येक उघडणीत थोडी धूळ स्वच्छ बाजूला सांडते.
- गॅरेजमध्ये हवा मारायचीच असेल, तर कमी दाबाने, लांबून आणि आतून बाहेर. जोराच्या हवेने कागदाला न दिसणारी भोकं पडतात. कागद कधी धुऊ नये.
- डबा ओल्या फडक्याने पुसावा, रबरी कडा सपाट बसली आणि सगळ्या क्लिपा लागल्या हे तपासावं. सैल कडेचा डुप्लिकेट फिल्टर कितीही चांगल्या कागदाचा असला तरी निकामी.
- फिल्टर ते टर्बोची नळी आतून पांढऱ्या कापडाने पुसून पाहावी. कापडावर माती आली, तर कुठून तरी न गाळलेली हवा शिरते आहे.

मग धुण्याजोगा घेऊच नये का?

तेल न लावता चालणारे, कृत्रिम तंतूंचे काही फिल्टर आता कागदाच्या जवळ पोहोचतात. असा फिल्टर घेताना दुकानदाराकडे तुमच्याच मॉडेलच्या फिल्टरचा आयएसओ 5011 अहवाल मागा आणि त्यात किती टक्के धूळ अडली, किती झेलून तो तुंबला, हे दोन आकडे पाहा. अहवाल नसेल तर खोकं परत करा. हौसेची, शर्यतीची गाडी असेल आणि इंजिन उघडायची तयारी असेल, तर कापडी फिल्टरला हरकत नाही. जुन्या ट्रॅक्टरचं तेलाचं भांडं काढायची गरज नाही, फक्त तेल खुणेपर्यंत ठेवा आणि चिखल साचू देऊ नका.

पारोळा-एरंडोल-जळगाव रोज करणाऱ्या, शेताच्या वाटेने जाणाऱ्या किंवा प्रवासी वाहणाऱ्या डिझेल गाडीला मात्र कंपनीचा कागदी फिल्टरच बरा. तिला हवा पुरेशी मिळतेच आहे. तिला गरज आहे ती धूळ बाहेर ठेवणाऱ्या फिल्टरची, आणि हे काम आजही पाचशे रुपयांचा कागद पाच हजारांच्या कापडापेक्षा चांगलं करतो.