एक अंकल, अनेक नाती



तुम्ही घरी उर्दू बोलता, बाजारात आणि बसमध्ये मराठी ऐकता आणि शाळेत इंग्रजीही शिकता. रोज तीन भाषांतून वावरताना सर्वांत आधी कोणते शब्द कानावर पडतात? नात्यांचे! अम्मी, अब्बा, भाई, खाला, मामू हे शब्द आपण वाचायला शिकण्याच्या कितीतरी आधी बोलू लागतो. म्हणूनच कोणतीही नवी भाषा शिकताना सुरुवात घरापासून करावी. आज आपण इंग्रजीतील नात्यांचे शब्द समजून घेऊ. समजून घेताना मात्र उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांना सोबत ठेवू.

आधी एक घडलेली गोष्ट सांगते.

आमच्या वर्गात आठवीत एक हुशार मुलगी होती. तिचे नाव मी मुद्दाम सांगत नाही. ती लहान असतानाच तिचे वडील वारले. ती आईसोबत मामूंच्या घरी राहत होती. मामू यंत्रमागावर काम करत आणि भाचीच्या शिक्षणाचा खर्च आनंदाने उचलत. तिने शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. अर्ज इंग्रजीत होता. पालकाच्या नावापुढे तिने मामूंचे नाव लिहिले आणि नात्याच्या रकान्यात लिहिले, ‘अंकल’.

चार दिवसांनी अर्ज परत आला. कारकुनाने अंकलचा अर्थ काका असा घेतला होता. ‘वडिलांचे आडनाव एक आणि वडिलांच्या भावाचे दुसरे, असे कसे?’ असा शेरा त्यावर होता. मुदत संपायला फक्त दोन दिवस उरले होते. मामू एका दिवसाची मजुरी बुडवून शाळेत आले. मुलगी रडकुंडीला आली होती. तिला वाटले, आपण काहीतरी खोटे लिहिले. खरे म्हणजे तिने काहीच खोटे लिहिले नव्हते. तिने लिहिलेला शब्द बरोबरच होता, पण तो अपुरा होता. आम्ही अंकलच्या आधी ‘मॅटर्नल’ हा एक शब्द जोडला. मॅटर्नल म्हणजे आईकडचा. अर्ज वेळेत पोहोचला.

एका शब्दामुळे एका मुलीचे वर्ष अडले असते. म्हणून हे शब्द नीट समजून घ्यायचे.

घरातील सहा शब्द

इंग्रजीत कुटुंबाला फॅमिली म्हणतात. फादर म्हणजे वडील, मदर म्हणजे आई, ब्रदर म्हणजे भाऊ, सिस्टर म्हणजे बहीण, सन म्हणजे मुलगा आणि डॉटर म्हणजे मुलगी. हे सहा शब्द पाठ करायला अवघड नाहीत, कारण ते आपल्याला पूर्णपणे परके नाहीत.

उर्दूत आपण आपल्या भाषेला काय म्हणतो? मादरी जबान. यातील मादर हा फारसी शब्द आहे. त्याच्या शेजारी इंग्रजी मदर आणि संस्कृत मातृ हे शब्द ठेवून पाहा. तसेच फारसी पिदर, संस्कृत पितृ आणि इंग्रजी फादर. फारसी बिरादर, संस्कृत भ्रातृ आणि इंग्रजी ब्रदर. फारसी दुख्तर, संस्कृत दुहितृ आणि इंग्रजी डॉटर. आपला ‘भाई’ आणि मराठीचा ‘भाऊ’ हे दोघेही त्याच भ्रातृ शब्दापासून आले आहेत.

हा योगायोग नाही. सर विल्यम जोन्स हे कलकत्त्याच्या न्यायालयात न्यायाधीश होते. त्यांना फारसी येत होती आणि पुढे ते संस्कृत शिकले. 1786 साली एशियाटिक सोसायटीपुढे भाषण करताना त्यांनी सांगितले, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांत इतके साम्य आहे, की त्या एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात. फारसीही त्याच कुळातील असावी, असेही ते म्हणाले. पुढे अनेक विद्वानांनी या विचाराचा अभ्यास केला आणि तो मान्य झाला. म्हणजे नात्यांचे शब्द शिकता शिकता भाषांचेही नाते आपल्याला समजते!

अंकल कोण? आंट कोण?

आता खरी गंमत सुरू होते. उर्दूत चाचा वेगळे, मामू वेगळे, फूफा वेगळे आणि खालू वेगळे. मराठीतही वडिलांचा भाऊ तो काका आणि आईचा भाऊ तो मामा. इंग्रजीत मात्र हे सगळे अंकल! तसेच चाची म्हणजे काकू, मुमानी म्हणजे मामी, फूफी म्हणजे आत्या, खाला म्हणजे मावशी. आणि इंग्रजीत या चौघीही आंट.

मग इंग्रजांना मामा आणि काका यांच्यातील फरक कळत नाही का? कळतो. फार पूर्वी त्यांच्या भाषेतही या दोघांसाठी दोन वेगळे शब्द होते. 1066 साली फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील विल्यमने इंग्लंड जिंकले. त्यानंतर राजदरबारात फ्रेंच भाषा आली आणि पुढच्या दोन-तीनशे वर्षांत शेकडो फ्रेंच शब्द इंग्रजीत शिरले. अंकल, आंट, नेफ्यू, नीस आणि कझिन हे शब्द फ्रेंचमधूनच आले. त्यामुळे जुने शब्द मागे पडले. फादर, मदर, ब्रदर हे घरातले शब्द मात्र टिकून राहिले.

आणखी एक नवल ऐका. अंकल हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचा अर्थ फक्त ‘आईचा भाऊ’ असा होता. आंट ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचा अर्थ ‘वडिलांची बहीण’ असा होता. म्हणजे मुळात अंकल म्हणजे मामू आणि आंट म्हणजे फूफी! आमच्या त्या विद्यार्थिनीने मामूंना अंकल लिहिले, ते शब्दाच्या जन्माकडे पाहिले तर अगदी योग्यच होते.

आज फरक सांगायचा असेल तर दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग कागदोपत्री वापरायचा. आईकडच्या नात्याला मॅटर्नल आणि वडिलांकडच्या नात्याला पॅटर्नल हा शब्द जोडायचा. दुसरा मार्ग बोलण्याचा आहे. ‘माय मदर्स ब्रदर’ म्हणजे माझ्या आईचा भाऊ. येथे मदरला जोडलेला ‘स’ मराठीतील चा, ची, चे आणि उर्दूतील का, की, के यांचे काम करतो. आपण ‘आईचा भाऊ’ आणि ‘आईची बहीण’ म्हणतो, म्हणजे पुढच्या शब्दाप्रमाणे प्रत्यय बदलतो. इंग्रजीतील हा ‘स’ मात्र बदलत नाही.

कझिन आणि चचाजाद

काका, मामा, आत्या, मावशी यांच्या मुलामुलींना इंग्रजीत एकच शब्द आहे, कझिन. मुलगा असो वा मुलगी, शब्द तोच. आपल्याकडे काही लोक ‘कझिन ब्रदर’ म्हणतात. पण चांगल्या इंग्रजीत नुसते कझिन म्हणणे पुरते.

उर्दू आणि मराठी येथे एकमेकींच्या किती जवळ आहेत, पाहा. चचाजाद भाई म्हणजे चुलतभाऊ, मामूजाद म्हणजे मामेभाऊ, खालाजाद म्हणजे मावसभाऊ आणि फूफीजाद म्हणजे आतेभाऊ. फारसीत ‘जाद’ म्हणजे जन्मलेला. दोन्ही भाषांनी चार दारांना चार नावे दिली, इंग्रजीने चारही दारांवर एकच पाटी लावली.

जेथे उर्दू जास्त बारीक बोलते

इंग्रजी ढोबळ आणि आपल्या भाषा बारीक, असे मात्र समजू नका. उर्दूत वडिलांचे वडील दादा आणि आईचे वडील नाना. मराठीत दोघांनाही आजोबाच म्हणतात. उर्दूत मुलाचा मुलगा पोता आणि मुलीचा मुलगा नवासा. मराठीत दोघेही नातू. इंग्रजीत आजोबा म्हणजे ग्रँडफादर, आजी म्हणजे ग्रँडमदर, नातू म्हणजे ग्रँडसन आणि नात म्हणजे ग्रँडडॉटर. पणजोबांसाठी पुढे आणखी एक ‘ग्रेट’ जोडतात.

भावाचा मुलगा पुतण्या आणि बहिणीचा मुलगा भाचा. उर्दूत भतीजा आणि भांजा. इंग्रजीत दोघेही नेफ्यू. मुलगी असेल तर नीस. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. मराठीत आत्या आपल्या भावाच्या मुलालाही भाचाच म्हणते. उर्दूत मात्र फूफीसाठी तो भतीजा असतो.

सारखे शब्द, वेगळी माणसे

काही शब्द दोन भाषांत सारखेच ऐकू येतात, पण माणसे वेगळी असतात. मी शाळेत असताना मराठीच्या निबंधात लिहिले होते, ‘माझे दादा सत्तर वर्षांचे आहेत. त्यांना दात नाहीत.’ शिक्षकांनी वहीवर लाल शाईने प्रश्नचिन्ह काढले. वर्गात हशा पिकला आणि मला कारणही कळेना. मराठीत मोठ्या भावाला दादा म्हणतात, हे मला नंतर समजले. त्या दिवशी मी घरी जाऊन दादांना ही गोष्ट सांगितली. ते इतके हसले, की माझी लाज पळून गेली.

तसाच ‘मामा’ हा शब्द. मराठीत तो आईचा भाऊ. इंग्रजी मूल मात्र आपल्या आईला ‘मामा’ म्हणते. लहान बाळाला ओठांनी म, प, ब हे ध्वनी काढणे सोपे जाते. त्यामुळे अम्मी, मामा, पापा, बाबा असे शब्द अनेक भाषांत सापडतात.

लग्नाची आणि मायेची नाती

लग्नामुळे जोडलेल्या नात्याला इंग्रजीत ‘इन लॉ’ जोडतात. लॉ म्हणजे कायदा. सासरे म्हणजे फादर-इन-लॉ, सासू म्हणजे मदर-इन-लॉ, जावई म्हणजे सन-इन-लॉ आणि सून म्हणजे डॉटर-इन-लॉ. दीर, मेहुणा, बहिणीचा नवरा हे सगळे ब्रदर-इन-लॉ. वहिनी, नणंद, जाऊ आणि मेहुणी या सगळ्या सिस्टर-इन-लॉ.

सावत्र नात्यासाठी ‘स्टेप’ हा शब्द येतो, जसे स्टेपमदर. येथे स्टेपचा अर्थ पायरी किंवा पाऊल नाही. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा संबंध पोरकेपणाशी होता. ज्या मुलाचे आई किंवा वडील गेले, त्याच्या घरात आलेले हे नवे नाते. आणि ‘फॉस्टर’ हा शब्द जुन्या इंग्रजीतील अन्न, पोषण या अर्थाच्या शब्दापासून आला. दुसऱ्याच्या मुलाला आपल्या घरी वाढवणारी ती फॉस्टर-मदर. उर्दूतील रजाई भाई, म्हणजेच मराठीतील दूधभाऊ, यालाही इंग्रजीत फॉस्टर-ब्रदर म्हणत आले आहेत. रक्ताचे नाते नसले, तरी खाऊ घालणाऱ्या हाताचे नाते असते, हे या शब्दाने जपले आहे.

अर्जावरचे शब्द

पुढे तुम्हाला अनेक अर्ज भरावे लागतील. घरातील मोठी माणसेही तुमच्याकडूनच अर्ज भरून घेतील. म्हणून हे शब्द लक्षात ठेवा. पेरेंट म्हणजे आई किंवा वडील, दोघांपैकी कोणीही. गार्डियन म्हणजे सांभाळ करणारा पालक, उर्दूत सरपरस्त. स्पाउस म्हणजे पती किंवा पत्नी. सिब्लिंग म्हणजे भाऊ किंवा बहीण. नावापुढे ‘एस ओ’ असेल तर सन ऑफ, म्हणजे अमुकाचा मुलगा. ‘डी ओ’ असेल तर डॉटर ऑफ. ‘डब्ल्यू ओ’ असेल तर वाइफ ऑफ. ‘सी ओ’ म्हणजे केअर ऑफ. त्यापुढे ज्यांच्यामार्फत पत्र पोहोचवायचे, त्यांचे नाव असते.

आप, तुम्ही आणि तू

शेवटी एक अदबीची गोष्ट. उर्दूत आपण म्हणतो, ‘अम्मी, आप बैठिए.’ मराठी मूल म्हणते, ‘आई, तू बस.’ ऐकताना तुम्हाला हे खटकेल. पण यात अनादर नाही, जवळीक आहे. तेच मूल आजोबांना ‘तुम्ही बसा’ म्हणते. इंग्रजीत आईला, आजोबांना आणि धाकट्या भावालाही एकच शब्द, ‘यू’. प्रत्येक भाषा आदर आणि माया आपापल्या रीतीने दाखवते. म्हणून एका भाषेच्या मापाने दुसरीला मोजू नये.

मित्रांनो, आज घरी गेल्यावर एक काम करा. वहीच्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात उर्दू, दुसऱ्यात मराठी आणि तिसऱ्यात इंग्रजी. मग घरातील प्रत्येक माणसाचे नाते तीनही भाषांत लिहा. कोठे तीन शब्दांच्या जागी एकच शब्द पुरेल, तर कोठे एका शब्दासाठी अख्खे वाक्य लागेल. आणि ज्या दिवशी कोणाचे मामू अर्ज घेऊन तुमच्याकडे येतील, त्या दिवशी तो अर्ज परत येणार नाही, अशी मला खात्री आहे.

स्वाध्याय

1. विद्यार्थिनीचा अर्ज परत का आला? तो कसा दुरुस्त केला?
2. मादर, पिदर, बिरादर, दुख्तर या शब्दांशी मिळतेजुळते इंग्रजी शब्द सांगा.
3. ‘दादा’ या शब्दाचा उर्दूतील आणि मराठीतील अर्थ सांगून प्रत्येकी एक वाक्य तयार करा.
4. मराठीत सांगा : खाला, मुमानी, नवासा, फूफीजाद भाई.
5. तुमच्या घरातील कोणत्याही एका आवडत्या व्यक्तीविषयी मराठीत आठ ओळी लिहा.