आवाज उरतो, नावही उरायला हवं

आपल्या म्हसवड भागात आता घरोघरी मोबाइलमध्ये जात्यावरच्या ओव्या, हळदीची गाणी, सिद्धनाथाच्या यात्रेतले ढोल साठवलेले असतात. मोबाइल बिघडेल म्हणून आपण ते पेनड्राइव्हवर उतरवून घेतो. गाणं वाचतं, पण ते कुणी गायलं, कुठल्या गावात गायलं, हे बऱ्याचदा हरवतं. असं का होतं?

गाण्याची माहिती तीन ठिकाणी असते. एक, फाइलच्या नावात. दोन, फाइलच्या आत. एमपीथ्री फाइलमध्ये गाणं, गायिका, वर्ष लिहायला जागा असते, तिला टॅग म्हणतात. तीन, आपण ज्या ॲपवर गाणी ऐकतो त्याच्या यादीत. फाइल दुसरीकडे नेली की टॅग सोबत जातो. ॲपच्या यादीत लिहिलेलं मात्र जुन्या मोबाइलमध्येच राहतं. प्लेलिस्टही नुसती यादीच, तिच्यात गाणी नसतात. व्हॉट्सॲपवरून ऑडिओ म्हणून पाठवलं तर फाइलचं नाव बदलतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर नाव टिकतं.

मग करायचं काय? बचत गटाच्या वहीत रक्कम आहे आणि सभासदाचं नाव नाही, अशी नोंद आपण चालवून घेत नाही. तोच नियम इथे लावायचा.

रेकॉर्डिंग सुरू करताना गाणारीला विचारून, तिचं नाव, गाव आणि तारीख आधी मोठ्याने बोलायची. फाइल कितीही वेळा उतरवली तरी हे पुसलं जात नाही. मग फाइलला नाव द्यायचं: वर्ष, गाव, गाणारी, गाण्याचा प्रकार. तीच नावं क्रमाने एका वहीत लिहायची. वहीच्या पानांचे फोटो गाण्यांच्याच फोल्डरमध्ये ठेवायचे. प्रती तीन हव्यात: एक मोबाइलमध्ये, एक पेनड्राइव्हवर दुसऱ्या घरी, एक इंटरनेटवरच्या साठवणीत. जुनं पुसण्याआधी दुसऱ्या मोबाइलवर दोन-चार फाइली उघडून नाव दिसतं का, आवाज येतो का, ते बघायचं.

ही शिस्त काय देते, त्याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव नोंदवलं. म्हणून २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या ओव्या येऊ लागल्या, तेव्हा नोंदीवरून गावी जाऊन त्या बायकांना पुन्हा भेटता आलं.

जात्यावर दळलेल्या बाया आता थोड्याच उरल्यात. त्यांची नातवंडं उद्या ओवी ऐकतील, तेव्हा ‘कोण बाई गातेय?’ असं विचारायची वेळ त्यांच्यावर येऊ नये. या आठवड्यात एवढं करा: मोबाइलमधली पाच रेकॉर्डिंग काढा आणि गाणारी समोर असेल तर तिलाच विचारून नाव लिहा.